आधी वंशावळ, मग आई: छोट्या जातिवंत कुत्र्यांच्या खरेदीमागचा इतिहास

पग, शिह त्झू किंवा माल्टीजच्या पिल्लाची चौकशी केली की आजही दोन भाव सांगितले जातात: ‘विथ पेपर’ आणि ‘विदाऊट पेपर’. हा पेपर म्हणजे केनल क्लबचं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची आणि वंशाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं, नोंदणीपत्र. पिल्लाचे आईबाप नोंदलेले आहेत आणि मागच्या पिढ्यांत कोण होतं, एवढंच त्यावरून कळतं. ती आई कुठल्या जागेत राहते, किती वेळा व्याली, विकणाऱ्याची सरकारदरबारी नोंद आहे का, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. या दुसऱ्या प्रश्नांना हात घालणारे नियम देशात २०१७ साली आले. वंशाची नोंदवही त्याआधी शंभराहून अधिक वर्षं चालू होती.

नोंदवहीची पद्धत इंग्रजांनी आणली. लंडनमध्ये १८७३ साली केनल क्लब निघाला आणि शतक संपेपर्यंत हिंदुस्थानातही डॉग शो भरू लागले. तिथे प्रश्न रूपाचा होता: नाक किती आखूड, शेपटीला वळसा कसा, केस किती लांब. मराठी घरांत मात्र छोटा कुत्रा शिरला तो या दारातून नाही. वाड्यांत, चाळींत, बँकेच्या क्वार्टर्समध्ये जे पांढरं ‘पॉमेरियन’ असायचं, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असे. इंग्रजांनी आणलेल्या जर्मन स्पिट्झचा हा इथल्या हवेत रुळलेला वंशज. ओळखीतल्या मादीला पिल्लं झाली की एक आपल्याकडे यायचं, आणि नराच्या मालकाला मेटिंगच्या बदल्यात एक पिल्लू मिळायचं. कागद कुणी मागत नसे, पण आई मात्र सगळ्यांनी पाहिलेली असे. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे नेमकं तेच हरवलं.

ते हरवण्याची सुरुवात २००३ च्या आसपास धरता येईल. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागोमाग चालणारा पग घराघरांत पोचला आणि मागणी एकदम चढली. पगची मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, गर्भकाळ ६३ दिवसांच्या आसपास असतो आणि एका वेळी चार ते सहा पिल्लं होतात. पिल्लाचं डोकं मोठं आणि आईची श्रोणी अरुंद, म्हणून सिझेरियनची वेळ पुष्कळदा येते. अशा प्राण्याचा पुरवठा मागणीबरोबर वाढवायचा झाला, तर वाटा दोनच. माद्या वाढवायच्या, नाहीतर आहे त्याच मादीला प्रत्येक माजाला लावायचं. दोन्ही झालं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून आणि पुढे इंटरनेटवरच्या जाहिरातींमधून पिल्लं महिना-सव्वा महिन्याची असतानाच विकली जाऊ लागली. या वयात आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरत असतं आणि लसीचं पुरतं लागू झालेलं नसतं. पार्व्हो हा पिल्लांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणू याच फटीतून शिरतो. घरी आणल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब आणि सलाइन, हा प्रकार त्या वर्षांत पिल्लू विकत घेतलेल्या किती तरी घरांनी सोसला आहे.

कायदा या काळात जागचा हलला नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यात पैदाशीबद्दल वेगळी तरतूद नाही. २०१० च्या सुमारास नियमांचे मसुदे झाले आणि पडून राहिले. ऑगस्ट २०१५ मध्ये कायद्यांचा आढावा घेणाऱ्या केंद्रीय आयोगानं पाळीव प्राण्यांची दुकानं, कुत्र्यांची पैदास आणि शोभेच्या माशांचा व्यापार यांवर नियमन हवं, असा स्वतंत्र अहवाल दिला. पण पैदाशीच्या नियमांआधी आला तो आयातबंदीचा निर्णय, आणि त्याच्यावरून अजूनही दोन तट आहेत.

एप्रिल २०१६ च्या अधिसूचनेनं व्यापारासाठी किंवा पैदाशीसाठी परदेशातून कुत्रे आणणं बंद झालं. परवानगी उरली ती राहतं ठिकाण बदलून भारतात येणाऱ्यांच्या पाळीव कुत्र्यांना, संशोधन संस्थांना आणि पोलीस व संरक्षण दलांना. बंदीमागचा युक्तिवाद खोटा नव्हता. सेंट बर्नार्ड आणि हस्कीसारखे थंड प्रदेशातले कुत्रे हौसेनं आणले जात होते, उन्हाळ्यात हाल होत होते आणि वर्षा-दोन वर्षांत रस्त्यावर किंवा निवाऱ्यात सोडले जात होते. परदेशी चॅम्पियनच्या नावाखाली, ‘इम्पोर्टेड लाइन’ म्हणत, एकाच नरावर बेसुमार पिल्लं काढणारेही होते. प्राणिकल्याणाच्या संघटनांनी बंदीचं स्वागत केलं ते याच अनुभवातून.

जातिवंत कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांची बाजू अशी की देशात प्रत्येक जातीचा साठा मुळात लहान आहे. बाहेरचं रक्त थांबलं की काही पिढ्यांत नात्यातच मेटिंग होत राहतं आणि दोष पक्के होतात. पगसारख्या जातीत हा मुद्दा अभ्यासापुरता राहत नाही. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून. पगच्या नाकपुड्या चिमटलेल्या आणि टाळूचा मऊ भाग लांब असला, तर विदर्भातला किंवा मराठवाड्यातला मे महिना त्याला जिवावरचा ठरतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासानं २०२२ मध्ये दाखवलं की इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगला दरवर्षी एखादा तरी आजार निघण्याची शक्यता जवळपास दुप्पट असते. नाकपुड्या मोकळ्या आणि तोंड जरा लांब असलेले नर-मादी निवडत गेल्यानंच यात फरक पडू शकतो. निवडायला मुळात वैविध्य लागतं. तपासण्या केलेला चांगला नर बाहेरून आणण्याची महागडी पण सरळ वाट बंदीनं बंद केली. दुसऱ्या कुणाच्या स्थलांतराच्या कागदांवर कुत्रा आणण्याची आडवाट चालूच राहिल्याच्या तक्रारी त्यानंतरही येत राहिल्या.

माझ्या मते चूक बंदीपेक्षा क्रमात झाली. आधी देशातल्या पैदाशीला शिस्त, मादीच्या वयाला आणि वेतांना मर्यादा, प्रत्येक पिल्लाची ओळख पटेल अशी चिप; मग आयातीचा प्रश्न, तोही जातवार. हस्की आणि शिह त्झू यांना एकाच अधिसूचनेत बसवण्याचं कारण नव्हतं. झालं असं की तब्बल तेरा महिने बाहेरचं दार बंद आणि आतली घाण तशीच, अशी स्थिती राहिली. ज्यानं नियम पाळून आयात केली असती तो अडला. ज्याच्याकडे शेडमध्ये दहा माद्या पिंजऱ्यात होत्या, त्याला फक्त परदेशी स्पर्धा कमी झाली.

२३ मे २०१७ रोजी पैदास आणि विक्रीचे नियम अखेर अधिसूचित झाले. त्याच दिवशी गुरांच्या बाजारांबद्दलचे नियमही निघाल्यानं सगळी चर्चा तिकडे गेली आणि कुत्र्यांचे नियम फार थोड्यांनी वाचले. ते वाचण्यासारखे आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची, शुल्क ५,००० रुपये. मादी १८ महिन्यांची होईपर्यंत मेटिंग नाही, आठ वर्षांनंतर नाही. बारा महिन्यांत एकाहून जास्त वेळा पिल्लं नाहीत, आयुष्यात पाचांहून जास्त वेळा नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पिल्लाला मायक्रोचिप हवी. या व्यापारात मादीचं शरीर पहिल्यांदाच कायद्याच्या मजकुरात आलं.

त्यातली ब्रीडरची व्याख्या मात्र फार रुंद आहे. पैदास करणारा, कुत्रे सांभाळायला ठेवून घेणारा, मधला दलाल आणि व्यापारी सगळे एकाच शब्दात. घरात दोन माद्या ठेवून दीड-दोन वर्षांतून एकदा पिल्लं काढणारी व्यक्ती आणि चार गावांतून पिल्लं गोळा करून शहरात विकणारा माणूस यांना कायदा एकच नाव देतो. राज्यांची मंडळं कित्येक ठिकाणी तेव्हा धड उभीही नव्हती. आणि दंड? मूळ कायद्यात नियमभंगाला शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एका पिल्लाला हजारोंनी रुपये मिळत असताना शंभर रुपयांची भीती कुणाला वाटणार? २०२२ मध्ये दंड वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला गेला. दुकानांसाठीचे वेगळे नियम २०१८ मध्ये आले.

इंग्लंडनं हीच गाठ वेगळ्या टोकानं सोडवली. एप्रिल २०२० पासून तिथे सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मध्यस्थाकडून विकत मिळत नाही. ज्यानं पैदास केली त्याच्या जागी जाऊन, आईसोबत पिल्लू पाहूनच ते घ्यावं लागतं. त्या कायद्याला ज्या कुत्रीचं नाव आहे ती लूसी एक छोटी कॅव्हेलियर स्पॅनिएल, पैदासखान्यातून सोडवलेली. नेदरलँड्सनं २०१९ पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं: तोंडाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशाहून कमी असलेल्या कुत्र्यांची पैदास तिथे होऊ शकत नाही.

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्रानं परिपत्रक काढलं ते २३ ‘आक्रमक’ जातींबद्दल. कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. छोट्या कुत्र्यांचा त्यात संबंध नव्हता, पण वर्तमानपत्रांचे रकाने त्यानं व्यापले. पग आणि शिह त्झूसाठी २०१७ चेच नियम चालू आहेत. त्यांतलं एक कलम क्वचितच कुणी उद्धृत करतं. पिल्लू देण्याआधी घेणाऱ्याची नीट चौकशी करायची आणि दिल्यानंतर वर्षातून एकदा तरी त्याची खबर घ्यायची, ही जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. मन लावून पैदास करणारी मोजकी माणसं हे आधीपासून करत आली आहेत. घर कितव्या मजल्यावर आहे, दिवसभर घरी कोण असतं, याआधीचा कुत्रा कसा गेला, हे ती विचारतात. मादीला भेटायला बोलावतात. पुढची पिल्लं होईपर्यंत थांबायला सांगतात. आणि सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा त्यांच्याकडेच परत आणून द्यायचा, असं लिहून घेतात.