परदेशी जोडीदार गावी येणार आहे? टुरिस्ट व्हिसासाठी घरच्यांनी काय करायचं

माझ्या धाकट्या भावाची होणारी बायको व्हिएतनामची आहे. लग्नाआधी तिने उदगीरला यावं, आईला भेटावं असं ठरलं, आणि लगेच कुणीतरी सांगितलं, ‘तुम्हाला स्पॉन्सर व्हावं लागेल, स्टॅम्प पेपरवर लिहून द्या.’ ई-टुरिस्ट व्हिसासाठी, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या पर्यटक व्हिसासाठी, असलं काही लागत नाही. अर्ज तिनेच, तिच्याच पासपोर्टवर करायचा. त्यात भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन विचारतात, तिथे आपली माहिती येते. मित्र-नातेवाइकांना भेटणं हे कारण या व्हिसात बसतं, त्यामुळे खरं कारणच लिहा. लग्न झालेलं नसेल तर ‘पत्नी’ लिहू नका.

अर्ज फक्त इंडियन व्हिसा ऑनलाइन या सरकारी साइटवर करायचा. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, ते आधी बघा. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट जास्तीचे पैसे उकळतात. फी देशागणिक वेगळी असते आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

पासपोर्ट भारतात उतरल्यापासून किमान 6 महिने वैध हवा, 2 पानं कोरी हवीत. माहितीच्या पानाची पीडीएफ आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा चौकोनी फोटो अपलोड करायचा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहायचं. आम्ही यात चुकलो होतो. व्हिएतनामी नावात आडनाव आधी येतं, आणि भावाने आपल्या सवयीने ते शेवटी टाकलं. पैसे भरायच्या आधी तिच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

व्हिसा 30 दिवसांचा, 1 वर्षाचा किंवा 5 वर्षांचा मिळतो. अर्ज प्रवासाच्या किमान 4 दिवस आधी करायचा. 30 दिवसांच्या व्हिसासाठी फार आधी अर्ज करता येत नाही, महिनाभर आधीच खिडकी उघडते. वर्षाच्या व्हिसासाठी 120 दिवस आधीपासून. मंजुरीच्या कागदाची प्रिंट सोबत असू द्या. पाकिस्तानी पासपोर्ट असलेल्यांना ई-व्हिसा मिळत नाही, त्यांना दूतावासातूनच अर्ज करावा लागतो.

विमान मुंबईला घ्यायचं की हैदराबादला, ते घर कुठे आहे त्यावर ठरवा. उदगीर, नांदेडकडच्यांना हैदराबाद जवळ पडतं. इमिग्रेशनवर विचारलं तर दाखवायला परतीचं तिकीट, खर्चापुरते पैसे आणि आपलं साधं निमंत्रणपत्र हाताशी असावं. पत्रात नातं, राहण्याचा पत्ता आणि तारखा लिहून सही करा, सोबत आधारची प्रत जोडा. पत्ता नीट तपासा. जुन्या लाइट बिलावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद असेल, तर पत्रात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव असं आजचं नाव लिहून कंसात जुनं द्या.

आता आपली खरी जबाबदारी, जी बहुतेक घरांना माहीतच नसते. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. याला सगळे ‘फॉर्म सी’ म्हणतात. हे फक्त लॉजवाल्यांचं काम नाही, खासगी घरालाही लागू आहे. एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) साइटवर घरमालकाच्या नावाने खातं लागतं, ते पाहुणी यायच्या आधीच उघडून ठेवा. आमचं घर अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यामुळे कुणाच्या नावाने खातं उघडायचं इथूनच सुरुवात झाली. अडलं तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात परदेशी नागरिकांचं काम बघणाऱ्या शाखेत जा. ती मध्ये चार दिवस नांदेडला मावशीकडे राहिली, तर तिथली नोंद मावशीने करायची.

ई-टुरिस्ट व्हिसा सहसा वाढवून मिळत नाही आणि दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. म्हणून ‘आलीच आहे तर रजिस्टर लग्न उरकून घेऊ’ असं म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: विशेष विवाह कायद्यात नोटिशीचेच 30 दिवस जातात. लग्नानंतर इथे राहायचं असेल तर तिला एंट्री व्हिसा (भारतीयाच्या जोडीदाराला मिळणारा वेगळा व्हिसा) लागेल. ओसीआयचा (भारताच्या ‘परदेशस्थ नागरिक’ कार्डाचा) अर्ज लग्नाची नोंदणी होऊन 2 वर्षं झाल्यावरच करता येतो.