कोळशापासून मॉफपर्यंत : धरणारे पदार्थ आणि सोडण्याचा खर्च

2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना जाहीर झालं, तेव्हा बहुतेक बातम्यांत एकच गोष्ट फिरत होती : त्यांनी घडवलेल्या मॉफ या सच्छिद्र पदार्थाच्या काही ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग दडलेला असतो. गोष्ट खरी आहे आणि थक्क करणारीही. पण या क्षेत्राचा मागचा अडीचशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर केवळ पृष्ठभागाच्या जोरावर फारच थोडे पदार्थ कारखान्यापर्यंत पोचलेले दिसतात. पकडलेला वायू किंवा पाणी पदार्थ किती सहज सोडतो आणि ते सोडवून घ्यायला किती ऊर्जा लागते, यावर बहुतेकांचं भवितव्य ठरलं. कार्बन डायऑक्साइड पकडणं, हायड्रोजन साठवणं, खारं पाणी गोडं करणं या आजच्या खटपटींची पार्श्वभूमी त्यामुळे सोडण्याच्या बाजूने वाचलेली बरी.

सुरुवात कोळशाची. 1773 च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल शेलेने कोरड्या कोळशाची पूड एका काचेच्या भांड्यात भरली आणि भांड्याच्या तोंडाला हवा काढून टाकलेली प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी बांधली. भांडं बुडाशी लाल होईपर्यंत तापवल्यावर कोळशातून हवा निघून पिशवी फुगली. आच काढून घेतली, भांडं निवलं, तशी ती हवा पिशवीतून परत कोळशात गेली. तापवा, सोडतो, निववा, धरतो. आज अब्जावधी डॉलरच्या प्रकल्पांत जे चक्र चालतं, ते या साध्या मांडणीत पुरेपूर दिसतं. इटलीच्या फेलिचे फोंतानानेही त्याच दशकात कोळसा वायू ओढून घेतो हे नोंदवलं. पुढे 1785 मध्ये सेंट पीटर्सबर्गला टोबियास लोव्हित्झला कोळसा द्रावणातला रंगही ओढून घेतो असं आढळलं आणि एकोणिसाव्या शतकात साखर शुद्ध करणाऱ्या कारखान्यांनी हाडांचा कोळसा वापरायला घेतला. वापरून मळलेला कोळसा भट्टीत तापवून पुन्हा कामाला लावायची पद्धतही तिथेच रुळली, कारण दर खेपेला नवा कोळसा परवडत नव्हता.

इथे एक फरक सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं गोंधळाचं होतं. वायू एखाद्या द्रवात किंवा धातूच्या आत मुरतो तेव्हा ते शोषण. तो छिद्रांच्या भिंतींवर नुसता चिकटून राहतो तेव्हा ते पृष्ठशोषण. कोळशाचं काम दुसऱ्या प्रकारचं. चिकटण्याची ही ओढ सहसा दुबळी असते, म्हणूनच ती तोडता येते.

22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर क्लोरीन सोडला गेला आणि कोळशाच्या संशोधनाला भलताच वेग आला. रशियात निकोलाय झेलिन्स्कीने सक्रिय कोळशाचा मुखवटा तयार केला. अमेरिकेत मुखवट्यांच्या कोळशासाठी नारळाच्या करवंट्या आणि पीचसारख्या फळांच्या कोया गोळा करण्याची मोहीमच निघाली, कारण कठीण कवचाच्या कोळशात बारीक छिद्रं भरपूर असतात. मुखवट्याचं गणित सोपं होतं. विष धरायचं आणि डबा भरला की फेकून द्यायचा. सोडण्याचा प्रश्नच नाही. हवेतली धूळ अडवणाऱ्या गाळण्यांचंही तेच. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी किरणोत्सारी कण अडवायला जे गाळण-कागद बनले, त्यांतून आजचे हेपा फिल्टर आले. भरले की बदलायचे.

तोवर छिद्रं मोजायची कशी हाच मोठा प्रश्न होता. 1938 मध्ये स्टीफन ब्रुनॉर, पॉल एमेट आणि एडवर्ड टेलर यांनी त्यावर रीत दिली. पदार्थ उणे 196 अंशांपर्यंत थंड करायचा, त्यावर नायट्रोजन हळूहळू सोडायचा आणि भिंतींवर त्याचा पहिला थर पुरा व्हायला किती वायू लागला यावरून पृष्ठभाग काढायचा. तिघांच्या आडनावांवरून ती बीईटी म्हणून ओळखली जाते. चांगल्या सक्रिय कोळशाचा आकडा ग्रॅमला साधारण 500 ते 1500 चौरस मीटर भरतो. ही रीत आली आणि प्रयोगशाळांमध्ये आकड्यांची चढाओढ सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

कोळशाची छिद्रं वेडीवाकडी, लहानमोठी. झिओलाइट या खनिजांची मात्र एकसारखी. 1756 मध्ये आक्सेल क्रोनस्टेटला त्यातलं एक खनिज तापवताना उकळल्यासारखं फसफसताना दिसलं होतं. आतलं पाणी बाहेर पडत होतं आणि स्फटिकाचा सांगाडा मात्र शाबूत राहत होता. या सांगाड्यातून ठरावीक आकाराचेच रेणू आत जातात, हे पुढे 1920 च्या दशकात लक्षात आलं आणि त्यांना रेणूंची चाळणी हे नाव पडलं. रिचर्ड बॅरर यांनी 1940 च्या दशकात ब्रिटनमध्ये झिओलाइट प्रयोगशाळेत बनवायला सुरुवात केली. रॉबर्ट मिल्टन यांनी 1949 पासून युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात कमी तापमानावर, स्वस्त कच्च्या मालातून ए आणि एक्स जातीचे झिओलाइट काढले. 1954 मध्ये ते बाजारात आले.

पण मिल्टन यांच्या झिओलाइटला खरा भाव आला तो चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांच्या युक्तीमुळे. तोपर्यंत पदार्थ रिकामा करायचा म्हणजे तापवायचा, असाच शिरस्ता होता. तापवायला वेळ लागतो आणि निवायला त्याहून जास्त. स्कारस्ट्रॉम यांनी तापमानाला हात न लावता दाब वरखाली केला. 1960 च्या सुमारास त्यांचं पेटंट आलं. महासाथीत घराघरांत पोचलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. आत झिओलाइटच्या गोळ्यांनी भरलेल्या दोन नळ्या असतात. एकीत हवा दाबून भरली की नायट्रोजन गोळ्यांना चिकटतो, कारण त्याच्या रेणूतल्या विद्युतभाराची मांडणी झिओलाइटमधल्या धन आयनांकडे जास्त ओढली जाते. ऑक्सिजन पुढे निघून जातो. काही सेकंदांनी झडप फिरते, पहिल्या नळीतला दाब उतरतो, नायट्रोजन फुस्स करून बाहेर पडतो आणि काम दुसऱ्या नळीकडे जातं. त्या यंत्राजवळ बसलेल्या माणसाला ऐकू येणारा तो ठरावीक उसासा म्हणजे झिओलाइटचं सोडणं. यातून ऑक्सिजन 95 टक्क्यांच्या आसपासच का अडतो, याचंही कारण तिथेच आहे. हवेत जवळपास एक टक्का आर्गॉन असतो, आणि झिओलाइट ऑक्सिजन आणि आर्गॉनमध्ये भेद करत नाही.

दाबाऐवजी उष्णतेवर चालणाऱ्या जुन्या वाटेनेही एक मोठा उद्योग उभा राहिला. 1930 मध्ये रॉबर्ट बॉटम्स यांनी अमाइन (नायट्रोजन असलेली कार्बनी संयुगं) द्रावणांनी वायू धुण्याचं पेटंट घेतलं. अमाइन कार्बन डायऑक्साइडशी रासायनिक बंध करतं, म्हणून ते नैसर्गिक वायू शुद्ध करायला उत्तम ठरलं. तेच तंत्र वीजकेंद्राच्या धुराड्याला लावायचं म्हटलं की बंध तोडायचा खर्च समोर येतो. द्रावण साधारण 120 अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि त्यात बहुतांश पाणीच असल्यामुळे नको असलेलं ते सगळं पाणीही तापतं. कोळशावरच्या केंद्राची साधारण पाचवा ते चौथा हिस्सा क्षमता एवढ्यातच खर्ची पडते. घट्ट धरणारा पदार्थ निवडला की ही पावती फाडावीच लागते. घन सच्छिद्र पदार्थांकडे एवढी आशेने नजर लागली ती इथूनच.

हायड्रोजनची कथा याच्याच आरशातली. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतं हे थॉमस ग्रॅहम यांनी 1860 च्या दशकातच दाखवलं होतं, पण पॅलेडियम परवडणार कोणाला? मग 1970 च्या आसपास फिलिप्सच्या आइन्टहोवनच्या प्रयोगशाळेत चुंबकांवर काम करताना लँथनम आणि निकेल यांचा मिश्रधातू हायड्रोजन घेतो असं दिसलं. विशेष हे की तो नेहमीच्या तापमानाला, थोड्या दाबाने घेतो आणि दाब उतरवला की देतो. वजनाच्या मानाने तो जेमतेम 1.4 टक्के हायड्रोजन धरतो, म्हणजे गाडीच्या टाकीसाठी फारच जड. पण देणंघेणं इतकं सुरळीत की निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी त्याच कुळातल्या मिश्रधातूंवर उभी राहिली, आणि 1997 च्या टोयोटा प्रियसमध्ये तीच बॅटरी होती.

पाण्याच्या बाबतीत संशोधकांनी हा पेच बाजूलाच सारला. धरायचंच नाही, एका बाजूने आत घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने जाऊ द्यायचं. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं पटल, म्हणजे पातळ पडदा, मीठ अडवतं हे 1950 च्या दशकात फ्लोरिडात दिसलं होतं, पण त्यातून पाणी थेंब थेंबच येई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरिराजन बाजारातली पटलं पाण्यात तापवून तपासत होते. त्यातलं एक कधी छान चाले, कधी अजिबात नाही. शोधता शोधता कळलं की ते एकाच बाजूने नीट चालतं. उलटं बसवलं की वाया. म्हणजे पटलाच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. मग त्यांनी मुद्दामच तसं पटल घडवलं : वर मीठ अडवणारा अगदी पातळ थर आणि खाली पाणी झरझर जाऊ देणारा सच्छिद्र आधार. पाण्याचा ओघ आधीच्या पटलांच्या दसपट झाला. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावी या पटलांवर चालणारा रिव्हर्स ऑस्मोसिसचा (आरओ) प्रकल्प सुरू झाला. आजचे आरओ पटल वेगळ्या पॉलिमरचे असतात, पण पातळ कातडी आणि भक्कम आधार ही रचना तीच.

आता नोबेलवाल्या पदार्थांकडे. 1974 मध्ये मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्या आणि दांड्यांचे रेणू बनवून घेत होते. प्रत्येक गोळ्याला भोकं कुठे पाडायची हे कारागिराला सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की भोकांच्या जागा नीट ठरवल्या तर अख्खी रचना आपोआप जुळते. मग खऱ्या धातूच्या आयनांना आणि कार्बनी रेणूंना हेच का जमू नये? ती कल्पना दशकाहून जास्त काळ तशीच राहिली आणि 1989 मध्ये प्रसिद्ध झाली : तांब्याचे आयन, चार हातांचे कार्बनी रेणू, हिऱ्यासारखी मांडणी आणि आत प्रचंड पोकळ्या. रचना नाजूक होती आणि असल्या स्फटिकांचा उपयोग काय, असं विचारणारे बरेच होते. कितागावा यांनी 1997 मध्ये अशा सांगाड्यात मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन जाऊन परत बाहेर येतात आणि सांगाडा कोसळत नाही हे दाखवलं. माझ्या मते या इतिहासातला कलाटणीचा क्षण हाच, जरी नाव जास्त झालं ते याघी यांच्या 1999 च्या मॉफ-5 चं. जस्त आणि टेरेफ्थॅलिक आम्ल (प्लास्टिकच्या बाटल्यांतही तेच असतं) यांचा हा घनाकार सांगाडा रिकामा असताना 300 अंशांपर्यंत टिकतो. मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क हे नावही याघी यांनीच 1995 मध्ये रूढ केलं. मॉफ हे त्याचं लघुरूप.

पुढची पंधरा वर्षं विक्रमांची. 2012 मध्ये ग्रॅमला 7000 चौरस मीटरच्या पुढचा आकडा गाठला गेला. हायड्रोजनच्या टाक्यांची स्वप्नं रंगली. पण मॉफच्या भिंतींना हायड्रोजन इतका हलका चिकटतो की भरपूर साठवायला पुन्हा उणे 196 अंशच लागतात. मॉफ-5 ची तर दमट हवेतच पडझड होते, आणि धुराड्यातला धूर कधीच कोरडा नसतो. प्रयोगशाळेत शुद्ध, कोरडा वायू देऊन काढलेले आलेख खऱ्या धुराजवळ नेले की बरेच मॉफ कार्बन डायऑक्साइडऐवजी पाणीच पित बसतात.

पाणी पिण्याची हीच खोड मग कोणीतरी कामाला लावणार हे ओघाने आलं. याघी यांच्या गटाने 2017 मध्ये झिर्कोनियमच्या मॉफ-801 ने कोरड्या हवेतून पाणी काढलं, आणि 2019 मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या मॉफ-303 ने अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटात मॉफच्या किलोमागे दिवसाला सुमारे 0.7 लिटर. निवडीचा निकष पाहण्यासारखा आहे : पाणी थोड्याशा उष्णतेने सुटावं, आणि एका दिवसात घेण्या-देण्याच्या अनेक फेऱ्या व्हाव्यात.

धुराच्या बाबतीत तशीच वाट काढली ती कॅलगरी विद्यापीठातल्या जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने. कॅल्फ-20 नावाचा त्यांचा मॉफ जस्त, ट्रायअ‍ॅझोल आणि ऑक्झॅलिक आम्ल अशा सहज मिळणाऱ्या मालातून बनतो. 2021 मध्ये त्यांनी दाखवलं की सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांखाली असेल तर तो पाण्याआधी कार्बन डायऑक्साइड धरतो, वाफ आणि आम्लयुक्त धूर सोसतो, आणि धरलेलं सोडायला अमाइनपेक्षा कमी उष्णता मागतो. सिमेंट कारखान्याच्या खऱ्या धुरावर त्याची परीक्षा झाली. 2023 मध्ये बीएएसएफने स्वान्टे या कॅनडाच्या कंपनीसाठी तो वर्षाला शेकडो टन बनवण्याची तयारी जाहीर केली. या कॅल्फ-20 चा पृष्ठभाग ग्रॅमला 500 चौरस मीटरच्या थोडाच पुढे आहे, म्हणजे साध्या सक्रिय कोळशाच्या खालच्या टोकाला.

धुराड्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड दहा-पंधरा टक्के असतो, म्हणून हलकी पकड भागते. मोकळ्या हवेत तो 0.04 टक्क्यांच्या जरा वर. तिथे हलकी पकड पुरत नाही; पुन्हा अमाइन लागतं, या वेळी घन पदार्थाच्या छिद्रांत बसवलेलं, आणि त्याच्याबरोबर उष्णतेचा जुना खर्चही परत येतो.