सोलकढीचा पंचा आणि लाल चिखल

सोलकढीसाठी नारळाचा रस पिळायचं काम आमच्याकडे माझं. आजी बाजूला बसून म्हणते, "पिळ रे जोरान, अजून रस आसा त्यात." पंचा नुसता टांगून ठेवला तर थेंब थेंब गळत बसेल, सोलकढी रात्री मिळेल. ॲल्युमिनाच्या (म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम बनतं ती पांढरी पूड) कारखान्यात हाच खेळ चालतो, फक्त नारळाच्या जागी बॉक्साइट नावाचा दगड.

बॉक्साइट म्हणजे आपल्या जांभ्याचा सख्खा भाऊ. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) लाखो वर्षं पाऊस झोडपत राहिला, सिलिका वाहून गेली, मागे लोखंड आणि ॲल्युमिनियम राहिलं. लोखंड जास्त तो जांभा, ॲल्युमिनियम जास्त ते बॉक्साइट (ढोबळ सांगतोय हां, मधले प्रकार भरपूर). कार्ल जोसेफ बायर या ऑस्ट्रियन केमिस्टने १८९२ च्या सुमारास शोधलं की बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात टाकलं की ॲल्युमिना विरघळतो आणि लोखंड तसंच राहतं. हे उरलेलं म्हणजे लाल चिखल, एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन.

आता हा चिखल गाळायचा कसा? कण काही मायक्रॉनचे, पावसात चिरेखाणीतलं लाल पाणी दिवसेंदिवस निवळत नाही ना, तसंच. व्हॅक्यूमने ओढायचं म्हटलं तर जोर लागून लागून एका वातावरणाच्या (आपल्यावरच्या हवेच्या) दाबाइतका, त्याच्या वर निसर्ग जाऊच देत नाही, आणि द्रव १०० अंशाच्या आसपास गरम असेल तर व्हॅक्यूममध्ये तो उकळायलाच लागतो. बरं थंड करून गाळू म्हटलं तर ॲल्युमिना कापडातच जमून बसतो. म्हणून ओढायचं सोडून ढकलायचं. बंद टाकीत किंवा प्लेटांच्या रांगेत पंपाने द्रव रेटायचा, दाब कितीतरी पट वाढवता येतो. पण दाब दुप्पट केला की गाळणं दुप्पट होत नाही, कारण चिखलाचा थर दाबाने आणखी घट्ट होतो आणि स्वतःचीच वाट बुजवतो. त्यावर उपाय म्हणजे थर पातळ ठेवायचा आणि वेळच्या वेळी झाडून टाकायचा.

चिखलाच्या फिल्टर प्रेसमध्ये (म्हणजे त्या प्लेटांच्या रांगेत) शेवटी फुगणारी रबरी पडदी थर पिळते, आजीचा हातच. आधी त्यातून पाणी घालून धुतात, म्हणजे दुसरा रस, त्यात महागडा सोडा परत मिळतो. उरतो तो वडीसारखा घट्ट गोळा, ट्रकने नेऊन रचता येतो. ओला चिखल तळ्यात साठवला की काय होतं ते हंगेरीत आयका इथे ४ ऑक्टोबर २०१० ला दिसलं, बांध फुटला, १० माणसं गेली.

आणि पंचा? पॉलिएस्टर कॉस्टिकमध्ये टिकत नाही, म्हणून तिथे बहुतेक पॉलीप्रॉपिलीनचं कापड. तेही छिद्रं बुजून बुजून कडक होतं आणि बदलावं लागतं. आमचा पंचा मात्र आजी अजून बदलू देत नाही.