‘बसून राहिलं की पडायची भीती नाही’ हे खरं का?

‘सत्तरीनंतर फार हिंडूफिरू नये, बसून राहिलं की पडायची भीती नाही’ असा निरोप पावसाळा आला की फिरू लागतो. त्यामागची काळजी खोटी नाही. शेवाळलेलं खळं आणि चिऱ्याच्या निसरड्या पायऱ्या कोकणात कोणाला माहीत नाहीत? पण उपाय उलटा पडतो. बसून राहिल्याने मांड्यांतली ताकद जाते, तोल बिघडतो, आणि मग न्हाणीपर्यंत जाणंही जोखमीचं होतं.

शिवाय निसरडी जमीन हे एकच कारण नसतं. झोपेच्या गोळ्या, अधू नजर, सैल चपला, रात्री लघवीला घाईने उठणं हीसुद्धा कारणं. हॉस्पिटलात अनोळखी खाट, सलाईनची नळी आणि अशक्तपणा यांची भर. तिथे मात्र नर्सला हाक मारूनच उठावं.

पडताळा घरी घेता येतो, सोबत कोणीतरी हवं. खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने ३ मीटर जाऊन, परत येऊन बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर धोका समजावा. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. तोवर पडवीत, कठड्याला धरून, टाचा उचलायला हरकत नाही.