अंग बाहेर येते, तरी सोनोग्राफी नॉर्मल कशी?

"दिसभर वाकून काम केलं की अंग भाईर येतंय, निजल्याव आत जातंय." सांगली-साताऱ्याकडच्या उसाच्या आणि हळदीच्या रानात राबणाऱ्या बाया ही गर्भाशय किंवा मूत्राशय योनीमार्गातून खाली उतरण्याची तक्रार जावेला किंवा बहिणीलाच सांगतात, आणि तीही दबक्या आवाजात. धीर करून एखादी मिरजेला दाखवायला येते, पोटाची सोनोग्राफी होते आणि अहवालात 'गर्भाशय नॉर्मल' असे लिहून येते. मग घरच्यांना वाटते, हिला काही झालेलेच नाही.

तो अहवाल खोटा नसतो, मात्र त्या तपासणीचा उद्देशच वेगळा असतो. उताणे झोपवून, लघवी तुंबवून पोटावरून केलेली सोनोग्राफी गर्भाशयाचा आकार, गाठी आणि अंडाशय दाखवते. आडवे पडल्यावर आणि जोर नसताना खाली घसरलेला अवयव बहुधा जागेवर परतलेला असतो.

उतरलेले अंग पाहायचे, तर तपासणी खालून करावी लागते. लघवी करून आल्यावर, पोटासाठी वापरतात तोच बाकदार प्रोब स्वच्छ आवरण चढवून योनीमार्गाच्या बाहेरच्या बाजूला टेकवतात. आत काही घालावे लागत नाही. पडद्यावर एका बाजूला जघनास्थीचा, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या पुढच्या हाडाचा, सांधा दिसतो, त्याच्यामागे मूत्राशय, मग योनीमार्ग व गर्भाशय, आणि शेवटी गुदाशय. त्यानंतर स्त्रीला शौचाला बसल्यासारखा खाली जोर द्यायला सांगतात. तो किमान 6 सेकंद टिकला पाहिजे, आणि खरी अडचण इथेच येते: लघवी सुटेल या संकोचाने पुष्कळ स्त्रिया जोर देण्याऐवजी स्नायू आवळून धरतात आणि उतरलेले अंग दिसतच नाही. म्हणून तपासणाऱ्याने घाई न करता, धीर देत, दोन-तीन वेळा जोर द्यायला लावणे मला यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

मोजमाप त्या सांध्याच्या खालच्या कडेतून आडवी रेषा धरून घेतात. जोर दिल्यावर मूत्राशय या रेषेच्या 10 मिलिमीटर किंवा गुदाशयाचा फुगवटा 15 मिलिमीटर खाली उतरला, तर ते लक्षणीय मानतात. निदानाचा पाया डॉक्टरांची हाताने केलेली तपासणी हाच राहतो. पण मागच्या बाजूचा फुगवटा गुदाशयाचा आहे की त्याच्या पुढे उतरलेल्या लहान आतड्याचा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे कठीण असते, ते चित्रात वेगळे दिसते.

त्रिमितीय सोनोग्राफी आणखी खोलातली गोष्ट दाखवते. ओटीपोटाचा तळ तोलून धरणारा स्नायू बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावून केलेल्या बाळंतपणात, काही जणींच्या बाबतीत हाडापासून सुटतो. वरून जखम दिसत नाही, टाके पडत नाहीत आणि त्रास कित्येक वर्षांनी सुरू होतो. जोर देताना या स्नायूंमधली फट 25 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी होत असेल, तर तळ सैल पडला आहे असे समजतात.

आपल्याकडे 'पिशवी काढून टाका' हा सल्ला फार लवकर दिला जातो. स्नायू सुटलेला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर अंग पुन्हा उतरण्याचा धोका अधिक असतो, आणि उतरलेले मूत्राशय नुसती पिशवी काढल्याने वर जात नाही. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी 'खालून, जोर देऊन सोनोग्राफी करता येईल का' असे बाईने किंवा तिच्या लेकीने डॉक्टरांना विचारावे, आणि अंग कोणत्या वेळी, कोणत्या कामानंतर बाहेर येते तेही न लाजता सांगावे. झोपून काही दिसले नाही, तर हीच तपासणी उभे राहूनही करता येते.