खाडीबांध मजबुतीकरण (नवी मुंबई)

खाडीकाठचा मातीचा बांध उंच, रुंद आणि पाण्याला घट्ट करण्याच्या कामाला खाडीबांध मजबुतीकरण म्हणतात. कोकणातले शेतकरी पिढ्यानपिढ्या खारभूमीला असे बांध घालत आले. बांध फुटून पडलेल्या भगदाडाला ‘खांड’ आणि पाणी काढण्याच्या दाराला ‘उघाडी’ हे शब्द त्यांचेच. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वाशी, नेरुळ, बेलापूर परिसरात खाजणांवर (भरतीचे पाणी येणाऱ्या दलदलीच्या जमिनीवर) भराव घालून वसाहती उभारल्या. त्यांचा काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली येत असल्याने डच धर्तीवर बांध, धारण तलाव आणि झडपा अशी एकत्र रचना केली गेली.

म्हणून इथे नुसता बांध चढवून भागत नाही. पारसिकच्या डोंगराकडून नाल्यांनी आलेले पाणी आधी तलावात जमते. झडप वरच्या बिजागरीवर लोंबती असते. खाडी चढली की बाहेरच्या दाबाने मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. ती मिटलेली असताना पडणारा सगळा पाऊस तलावाने पोटात घ्यायचा असतो. १०० हेक्टर पाणलोटात ताशी ५० मिमी पाऊस तीन तास कोसळला आणि त्यातला ८० टक्के वाहून आला, तर १ लाख २० हजार घनमीटर पाणी होते. १० हेक्टरच्या तलावात ते १.२ मीटर चढते. झडपेच्या उंबऱ्यापासून (खालच्या कडेपासून) वर ६० सेंमी गाळ साचलेला असेल, तर यातली निम्मी जागा आधीच गेलेली असते. अशा वेळी उंच बांध पावसाचेच पाणी वस्तीत कोंडून ठेवतो.

बांधाचे काम पावसाळ्यानंतर, उधाण टाळून हाती घेतात. जुन्या उतारावरचे गवत, मुळ्या आणि वरची १५ ते ३० सेंमी माती खरवडून काढतात. मग उतारात पायऱ्या कापतात; त्याशिवाय नवी माती जुन्यावर बसत नाही, घसरते. चिकणमातीचे सुमारे २० सेंमीचे थर ओलावा सांभाळून रोलरने दाबतात. मुठीत वळलेला गोळा टिकला पाहिजे, पण तळव्याला पाणी सुटता कामा नये. खाडीकडचा उतार मंद ठेवून त्यावर दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) करतात, खाली गाळणीचा थर देतात. तो थर नसेल तर लाटा दगडांच्या सांध्यांतून माती ओढून नेतात.

ठाणे खाडीचा तळ मऊ सागरी चिकणमातीचा आहे. घाईने उंची वाढवली की पाया बाजूला सरकतो आणि माथ्यावर लांबट भेग पडते. म्हणून टप्प्याटप्प्याने भरणे आणि खचण्यापुरती जादा उंची देणे हाच मार्ग. खेकड्यांची बिळे वरून बुजवणे फसवे असते; ती खणून, नवी माती ठोकून भरावी लागतात. बांधातून जाणाऱ्या पाइपाभोवती रोलर पोहोचत नाही आणि पुष्कळदा खांड तिथूनच सुरू होते, म्हणून तिथली माती हाताने धुमसतात.

बांधाबाहेरची कांदळवने लाटांचा जोर मोडतात, ती राखलीच पाहिजेत. तलावात गाळावर उगवलेल्या कांदळवनांना मात्र परवानगीशिवाय हात लावता येत नाही, त्यामुळे गाळउपसा रखडतो.

झडप पावसाळ्यापूर्वी दोनदा पाहावी. ओहोटीला उंबरा साफ करावा. निर्माल्यातला एक नारळ अडकला तरी ती पुरती मिटत नाही. मग ऐन भरतीला आतून पाहावे. कडेने धार येत असेल तर रबरी पट्टी बदलावी आणि पुढच्या उधाणाला पुन्हा तपासावे.