दगडफूल दगडावरचं नाही, आणि शेवाळही नाही

उन्हाळ्यात मसाल्याचं सामान घ्यायला नाशिकच्या भद्रकाली बाजारात गेलं की हमखास कानावर येतं: दगडफूल म्हणजे ब्रह्मगिरीच्या कातळावरचं वाळलेलं शेवाळ. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

ते लायकेन आहे. बाहेरचा सांगाडा बुरशीचा, आत तिला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनरने १८६७ साली हे मांडलं, तेव्हा भल्याभल्या जाणकारांनी ते उडवून लावलं. आज वर्गीकरण बुरशीवरूनच होतं.

बाजारातला बराचसा माल हिमालयातला, तोही बहुधा बांजसारख्या (हिमालयातला ओक) झाडांच्या सालीवरून काढलेला. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या कातळाला चिकटलेले करडे चट्टे नखानेही सुटत नाहीत. ते मसाल्यात यायचे कुठून?

पुडीतला तुकडा पाण्यात भिजवून पाहा. रुंद, वरून राखाडी, खालून काळा, कडेला केसांसारखे तंतू असतील तर बहुधा पार्मोट्रेमा नावाचं लायकेन. अरुंद, पन्हाळीसारख्या वळलेल्या पट्ट्या असतील तर एव्हर्निॲस्ट्रम. एकाच पुडीत दोन्ही सापडू शकतात. नुसत्या रंगावर जाऊ नका, ओलं झालं की तो बदलतो. अभ्यासकसुद्धा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून तिथला रंग कसा पालटतो ते बघतात. (तो तुकडा मग आमटीत नको.)